कोकरांच्या खोलीतली रोपं

॥ श्री ॥

हसनाबाद, ता. भोकरदन
दि. १४ मे १९९८

ती. सौ. आसरा आक्कांना,
गिरिजेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली मोसंबीची रिकामी खोकी परवाच्या टेम्पोने सुखरूप पोचली. दोन खोक्यांच्या तळाशी मोसंबीही निघाली, आणि ती तुम्ही चुकून विसरला असाल यावर माझा बिलकुल विश्वास नाही. मामंजींना रस काढून दिला. त्यांनी पेला पालथा करून शेवटचा थेंब घेतला.

खोकी कशाला हवीत ते तुमच्या भावाने सांगितलं की नाही देव जाणे. जालन्याला मिलमध्ये आठवडाभर लोखंडाच्या धगीत उभा राहिलेला माणूस सुट्टीला घरी येतो तो झोपायला, त्याच्याकडून बातमी कशी फुटणार? म्हणून मीच सांगते. एका बियाण्याच्या कंपनीने आपल्या गावात मिरचीचे प्लॉट द्यायचे काढले आहेत. आपण मिरची लावायची, फुलाला फूल लावून बी तयार करायचं, आणि ते कंपनीने न्यायचं. शाळेच्या ओट्यावर सभा झाली. सुपरवायझर धर्मराज साहेबांनी कोण घेणार असं विचारलं तेव्हा पुरुषमंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. मी मागे बायकांत होते. माझा हात कसा वर गेला ते माझं मलाच कळलं नाही. मग जो हशा झाला तो तीर्थपुरीपर्यंत ऐकू आला असेल.

साहेब मात्र हसले नाहीत. प्लॉट त्यांनी माझ्याच नावाने धरला. पण बी मोजकंच आलंय, दुसरी पुडी मिळायची नाही. जूनच्या मध्यावर ते रोपं बघायला येणार. रानात तग धरतील अशी दिसली तर प्लॉट माझा, नाहीतर रोपं उचलून दुसऱ्या गावाला. एकदा तसं झालं की या गावात बाईच्या हाती पुन्हा प्लॉट येणार नाही. हे साहेबांनी म्हटलं नाही, हसणाऱ्यांनी म्हटलं.

रोपं बाहेर टाकली तर कोंबड्या ठेवत नाहीत आणि गरम वारा जगू देत नाही. म्हणून मी ती कोकरांच्या खोलीत केली आहेत. दिवाळीला मेंढरं विकल्यापासून ती खोली रिकामीच होती. लेंड्या झाडून काढल्या, भिंती सारवल्या, आणि तुमच्या खोक्यांत मातीच्या छोट्या पिशव्या मांडून एकेक बी टोचलं. सगळं उगवलंय म्हणा ना! आता हळूहळू बाहेर काढून त्यांना उन्हावाऱ्याची सवय लावायची. साहेब त्याला हार्डनिंग म्हणतात, मी टणक करणं म्हणते.

मामंजींचं मात्र मन लागत नाही. खोलीच्या दाराशी बाज टाकून दिवसभर बसून असतात. अर्धी भाकरी खातात, अर्धी काळ्याला घालतात. आणि पोरं सुट्टीला माझ्या माहेरी गेल्यापासून आमच्या घरात बोलायची पंचाईत झाली आहे. सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही ही आपल्या घरची रीत. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या तोंडून चाललं, नंतर पोरांच्या. आता तिसरं कोणी उरलं नाही, म्हणून मी कुत्र्याशी बोलते. काळ्या, भाकरी झाली असं म्हटलं की मामंजी हात धुवायला उठतात. कालवणात मीठ जादा झालं हेही ते काळ्यालाच सांगतात. ते बिचारं दोघांकडे बघून शेपटी हलवतं.

तुमचा लोभ आहेच, तो असाच अधूनमधून टेम्पोने पाठवत जावा.

तुमची,
गिरिजा


॥ श्री ॥

तीर्थपुरी
दि. १९ मे १९९८

चि. सौ. गिरिजा हीस,
आसराचे अनेक आशीर्वाद वि. वि. इकडे सर्व खुशाल, ऊन तेवढं सोडून.

तुझं पत्र मी आमच्या शेजारच्या पुष्पाबाईंना वाचून दाखवलं. कुत्र्याची गोष्ट आली तेव्हा त्या बाईने हसून हसून हातातले गहू सांडले. मग आम्ही दोघी बसून ते वेचत होतो आणि पुन्हा हसत होतो. तू मोसंबी ओळखलीस ते बरं झालं. उघड पाठवली असती तर माझ्या सासरी चार प्रश्न निघाले असते.

हात वर केलास म्हणतेस! भर सभेत! अगं, मी असते तर शेजारणीचा हात धरून वर केला असता. खरं सांगते, वाचून माझा ऊर भरून आला. आपल्या घरात बायांनी मेंढरांमागे जन्म काढले, लोकर कातली, बाजारात उभ्या राहिल्या, पण कागदावर कोणाचं नाव लागलं नाही. तुझं लागतंय. तेव्हा आता हसणाऱ्यांना हसू दे आणि तू रोपांकडे बघ.

एक मात्र मला कळलं नाही. रोपं खोलीत चांगली आहेत, सावलीला आहेत, तर त्यांना रोज बाहेर काढायचा उपद्व्याप कशाला? लावणीच्या दिवशी एकदमच उचलून नेलीस तर काय बिघडलं? मी आपली मोसंबीच्या मुलखातली, मला मिरचीतलं कळत नाही, म्हणून विचारते.

दादा अर्धी भाकरी खातात हे वाचून मला माझी भाकरी गोड लागली नाही. त्यांच्यासाठी मी ओसरीत बाज टाकून ठेवली आहे. मागच्या वेळी म्हणाले की मेंढरं आहेत, कसा येऊ? आता तर मेंढरंही नाहीत. त्यांचं मन वळव, काळ्यामार्फत का होईना.

माया कमी पडू देऊ नकोस, आणि पत्राला उशीरही करू नकोस. दोन्हीची मला सारखीच सवय झाली आहे.

तुझी,
आसरा


॥ श्री ॥

हसनाबाद
दि. २७ मे १९९८

ती. सौ. आक्कांना,
शि. सा. न. वि. वि.

आज पत्रात हसण्यासारखं काही नाही, आधीच सांगून ठेवते.

तुम्ही विचारलंत की एकदम बाहेर नेली तर काय होतं. खोलीत वाढलेलं रोप मऊ असतं आक्का. एकदम मेच्या उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत पान भाजून पांढरं पडतं आणि मान टाकतं, ते पुन्हा उठत नाही. म्हणून पहिल्यांदा सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं जास्त. पाणी हात राखून द्यायचं. थोडा वारा लागू द्यायचा. मग देठ जाडावतो, पान गडद होतं, आणि रानात गेल्यावर रोप दचकत नाही. मी हे सगळं सांगितल्याबरहुकूम करत होते. सकाळी खोकी अंगणात मांडायची, विहिरीवर जायचं, ऊन चढायच्या सुमाराला येऊन आत घ्यायची.

पण रोपं सुधारायची सोडून लांबत चालली. पिवळसर, बारीक मानेची, खोकं हललं तरी सगळी एका अंगाला झुकायची. मी आधी बियाला दोष दिला, मग मातीला, मग माझ्या हाताला. एके दिवशी पिशवीत बोट घातलं तर आत ओला चिखल. मी तर पाणी घातलंच नव्हतं! आणि खोक्याच्या खिळ्यांना काळी लोकर अडकलेली. घरात एक मेंढरू नाही आणि लोकर कुठून आली?

काल फावडं विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले. कुंपणाशीच थबकले. मामंजी खोकं घोंगडीवर चढवून, घोंगडीचं टोक दोन्ही हातांनी धरून, मागे मागे चालत खोलीकडे ओढत होते. गुडघ्यांमुळे त्यांना धड वाकता येत नाही, तरी एकामागून एक सगळी खोकी आत नेली. मग तांब्याने सगळ्यांना पाणी पाजलं. मी निंबाखाली उभी राहून बघत होते. माझी यायची वेळ झाली तशी त्यांनी सगळी पुन्हा बाहेर आणून जिथल्या तिथे मांडली आणि बाजेवर जाऊन बसले. म्हणजे इतके दिवस माझ्या रोपांनी ऊन बघितलंच नाही.

मला फार राग आला. रागापेक्षा वाईट वाटलं. सभेतले लोक हसले ते परके होते. घरातल्या माणसालाही माझ्यावर भरवसा नसावा? आणि हे मी त्यांना सांगू कशी? भाकरी झाली हे कुत्र्याला सांगता येतं, तुम्ही माझा प्लॉट बुडवताय हे कसं सांगणार? साहेब यायला फार दिवस राहिले नाहीत. तुम्ही लेक आहात, तुम्ही बोलू शकता. मामंजींना दोन ओळी लिहा.

घाईत लिहिलंय, चुकलं तर पोटात घाला आणि जीव तेवढाच असू द्या.

तुमची,
गिरिजा


॥ श्री ॥

तीर्थपुरी
दि. ३१ मे १९९८

चि. सौ. गिरिजा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तशी मी लगेच लिहायला बसले. दादांच्या नावाने चांगलं खरमरीत पत्र सुरूही केलं. अर्ध्यावर लक्षात आलं की त्यांना अक्षर येत नाही, ते वाचून दाखवणार कोण? घरात तू एकटी! तुझ्या वतीने सासऱ्याला झापायचं पत्र तूच सासऱ्याला वाचून दाखवणार, तेही पदर डोक्यावर घेऊन! की तेसुद्धा काळ्याला वाचून दाखवशील? तुझा नवरा सुट्टीला आला की वाचेल, पण आमचा काकासाहेब लहानपणापासून रागाच्या ओळी गाळून वाचतो. म्हणून ते पत्र मी चुलीत घातलं.

मी दुसरा उपाय काढला आहे. शुक्रवारी आमच्या घरचे जीप घेऊन जालन्याला येत आहेत. तिथून हसनाबादला येतील आणि दादांना इकडे घेऊन येतील. लेकीकडे चार दिवस म्हटलं की गावात कोणाला काही वाटायचं नाही. तुझी लावण उरकेपर्यंत ते माझ्याकडे राहतील आणि तुझी रोपं निवांत ऊन खातील. बाज तर टाकलेलीच आहे. तू फक्त त्यांचं धोतर, बंडी आणि गुडघ्याचं तेल बांधून ठेव.

दादांचा राग धरू नकोस असं मी म्हणणार नाही. मलाही आला. पण आजवर त्यांच्या हातून कोणाचं वाईट झालेलं मी बघितलं नाही, म्हणून त्यांनी असं का केलं असेल या कोड्यात मी पडले आहे. असो. आत्ता कोडं सोडवायला वेळ नाही, आधी तुझा प्लॉट.

शुक्रवारची वाट बघ, आणि माझ्यावरचा लोभ उन्हात ठेवू नकोस, वाळेल.

तुझी,
आसरा


॥ श्री ॥

हसनाबाद
दि. ३ जून १९९८

ती. सौ. आक्कांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीर्थपुरीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, म्हणजे शुक्रवारच्या आत मिळेल. जीप पाठवू नका. मामंजींना नेऊ नका.

तुमचं पत्र वाचून आधी मला हायसं वाटलं होतं. कपड्यांची पिशवीही भरली. मग काल सकाळी मी खोकी मांडली, विहिरीवर जाते असं दाखवून मुद्दाम निंबाखाली थांबले आणि शांतपणे बघितलं. खोकं ओढून झालं की ते खाली बसतात. एकेका रोपाच्या मानेखाली बोट लावून बघतात. आडव्या झालेल्या रोपाला तुरीच्या काडीचा टेकू देतात. आणि तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत असतात. कान देऊन ऐकलं तर कोकरांना घालायचे ते तोच आवाज होता. मेंढरं गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता.

घरी येऊन त्यांचं ताट बघितलं. काळ्यापुढे भाकरी नव्हती. गेले कित्येक दिवस नसते, माझ्याच लक्षात आलं नव्हतं. हा माणूस माझ्या रोपांवर पुन्हा जेवायला लागला आणि मी त्याची पिशवी भरून बसले होते. आक्का, ती पिशवी मी रिकामी केली.

पण रोपंही मारायची नव्हती. तेव्हा संध्याकाळी धीर केला आणि काळ्याला हाक मारली. त्याला समोर बसवलं आणि मोठ्याने सगळं सांगितलं. त्याला सांगितलं की उद्यापासून खोकी तुझ्या ताब्यात, मी हात लावणार नाही. पहिल्या दिवशी ऊन उंबऱ्यापाशी येईपर्यंत बाहेर ठेव, मग रोज थोडं वाढव. पान जरा मलूल दिसलं म्हणून घाबरू नकोस, संध्याकाळी ते आपोआप उठतं. न उठलं तरच पाणी दे. वारा सुटला तर सुटू दे. आणि ही रोपं उन्हात मी विसरत नाही, मुद्दाम ठेवते, कारण पुढे त्यांना रानात डोक्यावर छप्पर नसणार. साहेब येतील तेव्हा रोपं उभी दिसली नाहीत तर माझा प्लॉट जाईल, एवढं ध्यानात ठेव. काळ्या जांभई देत होता. मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण त्यांच्या हातातली तंबाखू मळायची थांबली होती.

ज्याने बिघडवलं त्याच्याच हाती सोपवलं, म्हणून तुम्ही मला खुळी म्हणाल. मलाही रात्रभर तसंच वाटलं. उरलेले दिवस थोडे आहेत आणि रोपं आजही लेचीपेचीच आहेत. प्लॉट गेला तर लोक मला हसतील, ते मी सोसेन. पण मामंजींना पाहुण्यासारखं गावाबाहेर काढून मिळालेला प्लॉट मला गोड लागणार नाही.

माझं चुकत असेल तर रागवा, पण लोभाला गाठ मारून ठेवा, सुटू देऊ नका.

तुमची,
गिरिजा


हसनाबाद
दि. ७ जून १९९८

चि. आसरीस,
आबारावाचा आशीर्वाद. सांगणार आबाराव, लिहिणार काकासाहेब.

तुहा बाप बरा हाय. गुडघे दुखतेत. ते त्यायचं काम करून राह्यलेत, म्या माझं करून राह्यलो. जीप पाठवू नको. मला टाइम न्हाई.

तुही भावजय लई शानी हाय. तिनं कुत्र्याला सांगितलं अन् कुत्रं झोपून गेलं, मंग मलाच ऐकावं लागलं. आता खरं सांगतो. ती रोज सकाळी खोके उन्हात मांडायची अन् रानात निघून जायची. मला वाटलं, पोरगी कामाच्या घाईत इसरून जाती. कोकरू उन्हात बांधून कोन्ही जातं का? म्हून म्या आत ओढायचो. अन् ती यायच्या आधी जसेच्या तसे बाहेर ठुयाचो. कामून, तर तिला आपली चूक कळू नये, लाज वाटू नये. सुनंची चूक तोंडावर काढनं बराबर दिसत न्हाई. तिच्या चुकीवर पांघरून घालायला गेल्तो अन् चूक झाल्ती माझीच.

आता ती म्हनली तसंच करून राह्यलो. कोकरू बी आपुन पहिल्याच दिशी डोंगराला नेत न्हाई. आधी वाड्याभवती फिरवतो, मंग नाल्यापोतर, मंग कळपासंग. पन्नास वर्सं हेच केलं म्या. पर मिरचीचं बी तसंच असतं हे मला तिनं दाखवलं. हे तिला घरात कोन्ही सांगितलं व्हतं का? सभेत बसून अर्ध्या तासात शिकून आली. लई डोळा हाय तिला.

पहिल्या दिशी ऊन उंबऱ्यापाशी यायच्या आतच पानं लवली तव्हा माझा जीव ऱ्हाईना. घोंगडी घेऊन उठलो, टाकाव म्हनलं रोपावर. मंग तिचं बोलनं याद आलं. तर रोपावर टाकायची घोंगडी माझ्या डोक्यावर घेतली अन् त्यायच्याजवळ उन्हातच बसलो. रोपांनी बसायचं तर म्या बी बसतो. दिवस कलला तशा माना बिलकुल सरळ झाल्या. तव्हापासून रोज बसतो. देठ आता जांभळे पडून राह्यलेत. ते चांगलं असतं म्हनं, तिनंच कुत्र्याला सांगितलं.

तिचा प्लॉट जाऊ देनार न्हाई. दुसरी काई इच्छा न्हाई.

आबाराव

ता. क. : आक्का, दादांनी सांगितलं तसं लिहिलं, या वेळी एकही ओळ गाळली नाही. दादा दोन भाकरी खातात आणि गालफडं उन्हाने रापून काळी झाली आहेत. गिरिजा चार दिवस झाले हसत नाही, साहेबांच्या येण्याचा घोर लागला आहे. मलाही लागला आहे, पण मी तिच्यापुढे दाखवत नाही. माया ठेवावी. काकासाहेब.


॥ श्री ॥

हसनाबाद
दि. १७ जून १९९८

ती. सौ. आक्कांना,
शि. सा. न. वि. वि.

हात अजून मातीचे आहेत, पण पत्र उद्यावर टाकवत नाही.

शनिवारी धर्मराज साहेब आले. मोटारसायकलचा आवाज ऐकला तशी मी रीतीप्रमाणे आत जाऊन दाराआड उभी राहिले. गावातले पाच-सहा जण मागोमाग आले. सभेत हसलेल्यांपैकीच होते, पुढे काय होतं ते बघायला आलेले. साहेब खोक्यांपाशी उकिडवे बसले. रोपांवरून तळहात फिरवला, रोपं वाकली आणि लगेच उभी राहिली. दोन-तीन पिशव्या उलट्या करून मुळं बघितली. देठ चिमटीत धरून बघितला. मी दाराच्या फटीतून बघत होते. मग ते म्हणाले की अशी रोपं त्यांनी या भागात कुठे पाहिली नाहीत. मी दाराची चौकट घट्ट धरली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मामंजींचे रापलेले हात आणि तोंड बघून साहेब समजले की रोपांपाशी कोण बसत होतं. त्यांनी मामंजींना विचारलं की पाणी किती तोडलं, ऊन कसं वाढवलं. मामंजी गप्प. साहेबांना वाटलं ऐकू येत नाही, त्यांनी मोठ्याने विचारलं. मामंजी तरी गप्प. तेव्हा जमलेल्यांतला एक जण म्हणाला की सगळं म्हाताऱ्याने केलंय, बाईचं नुसतं नाव. साहेबांनाही ते पटल्यासारखं वाटलं. ते चांगल्या मनानेच म्हणाले की बाबा, मग प्लॉट तुमच्याच नावाने करू, पुढे क्रॉसिंगच्या, म्हणजे फुलाला फूल लावायच्या वेळी कंपनीची माणसं येतात-जातात, त्यांनाही पुरुषमाणसाशी बोलायला सोपं जाईल.

आक्का, मी आत उभी होते आणि माझा प्लॉट माझ्या डोळ्यांदेखत चालला होता. रोपं उभी राहिली आणि तरी चालला होता. मला बाहेर येता येत नव्हतं, तोंड उघडता येत नव्हतं. मामंजींनी नुसतं हो म्हटलं असतं तरी त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं.

मामंजी बाजेवरून उठले. घराकडे तोंड केलं आणि डोंगरात मेंढरांना घालावी तशी मोठ्याने हाक मारली की गिरजे, बाहेर ये. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, भास झाला. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी पदर सावरत बाहेर आले. ते साहेबांना म्हणाले की मी राखणदार, मालकीण ही आहे, काय विचारायचं ते हिला विचारा, मला जे येतं ते मी हिच्याकडून शिकलो. आणि मला म्हणाले की सांग साहेबाला, भिऊ नको.

मी सांगितलं. सुरुवातीला खाली बघून, नंतर साहेबांकडे बघून. पाणी कसं तोडलं, ऊन कसं वाढवलं, रोपं मधे लांबली होती आणि मग कशी सावरली, सगळं. मामंजींनी खोकी आत ओढली होती ते मात्र सांगितलं नाही, ते आपलं घरातलं. जमलेल्यांतलं कोणी हसलं नाही. प्लॉट माझ्या नावाने पक्का झाला.

सोमवारी लावण केली. झुंबरबाई आणि केशरबाई मदतीला होत्या. मामंजी बांधावर बसून एकेक खोकं पुढे सरकवत होते आणि हळू लाव, मूळ दुमडू नको असं मला तोंडाने सांगत होते. आज तिसरा दिवस. कडेची थोडी गेली, बाकी सगळी धरली आहेत. आता ते दिवसभर माझ्याशी बोलत असतात, इतके की परवा केशरबाई म्हणाल्या, अगं, यांना जरा थांबव.

कष्टांना यश आलं, त्यात तुमचा वाटा मोठा आहे. मन भरून आलंय, म्हणून शेवटी काय लिहावं ते सुचत नाही. तुम्हीच समजून घ्या.

तुमची,
गिरिजा


॥ श्री ॥

तीर्थपुरी
दि. २२ जून १९९८

चि. सौ. गिरिजा हीस,
आसराचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. पुष्पाबाई दोनदा विचारून गेल्या. मी म्हटलं, सवडीने सांगते.

आधी मी तुला मनातल्या मनात खुळी म्हटलं होतं, ते परत घेते. दादांना माझ्याकडे आणून मी तुझा प्लॉट वाचवणार होते. तू दादांना ठेवून घेतलंस आणि प्लॉटही वाचवलास. मला ते सुचलं नसतं. मी त्यांची पोटची पोर, मला फक्त त्यांची बाज दिसली. त्यांना काय हवंय ते तुला दिसलं. यापुढे तुला आशीर्वाद लिहिताना माझा हात जरा अडखळेल, तुला नमस्कार करावा असं वाटतं.

आता जे लिहिते ते तुझ्या-माझ्यातच ठेव. मी दादांची लाडकी, हे सगळं गाव जाणतं. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही, कधी उपाशी झोपू दिलं नाही. पण मेंढरांचा व्यापारी दारात आला की म्हणायचे, आसरे, आत जा. पाहुणे आले की आत जा. मेंढरांचा भाव ठरत असायचा आणि कळपातलं कोणतं मेंढरू कसं आहे ते मला तोंडपाठ असायचं, मी मधे बोलायला जायची, तर आसरे, आत जा. मायेनेच म्हणायचे, मलाही ते मायेचंच वाटायचं. मी आत गेले, आणि मग तीर्थपुरीला येऊन इथेही आतच राहिले. ते चार लोकांसमोर कोणा बाईला बाहेर ये असं म्हणतील, हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. तुझं पत्र वाचून मी रडले. आनंदाने रडले, आणि खोटं कशाला बोलू, थोडी हेव्यानेही.

फुलाला फूल लावायचे दिवस आले की तुला बाया लागतील. मी येणार आहे. पाहुणी म्हणून नाही, कामाला. घरात सांगून मोकळी झाले आहे. दादांना माझा एक निरोप दे, आता तुला तोंडाने देता येतो. म्हणावं, आसरा फाट्यावर उतरली की घरात चहा ठेवा वगैरे काही सांगू नका. रानात बाया असतील, कंपनीचे लोक असतील, त्या सगळ्यांसमोर बांधावर उभे राहा आणि तिला नाव घेऊन एकदा मोठ्याने हाक मारा.

तुझी,
आसरा